कमी पैशात गाडीचे टायर : कोकणातल्या पावसाचा हिशेब करून

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुडाळ, कणकवली, चिपळूण, कुठेही जा, टायरच्या दुकानासमोर गाड्या लागलेल्या दिसतात. आंबा उरकत आलेला असतो, हातात थोडे पैसे असतात आणि मृग तोंडावर आलेला असतो. त्या गर्दीत बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "या गाडीला सगळ्यात स्वस्त कुठला बसेल?"

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. जुनी घेतलेली स्विफ्ट होती. चारही टायर घासलेले आणि खिशात धड दोन नव्या टायरचेही पैसे नाहीत. एका दुकानात वापरलेले दोन टायर मिळाले. खाचा चांगल्या खोल दिसत होत्या, म्हणून पुढच्या चाकांना बसवून घेतले. जुलैत आंबोली घाट उतरताना एका साध्या वळणावर ब्रेकला पाय लावला आणि गाडी न वळता सरळ कठड्याकडे निघाली. वेग तिशीच्या आसपास होता. पाय उचलल्यावर पकड परत आली आणि गाडी वळली. नंतर सावंतवाडीत चाक खोललं तेव्हा समजलं की गोटा झालेल्या, म्हणजे घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम ब्लेडने नव्याने खाचा कोरून तो मला विकला होता. खाचेच्या तळाशी रबराचा पातळ थर उरला होता आणि त्याच्या खाली तारा.

त्या दिवसापासून टायर हा विषय मी मनावर घेतला. पहिली गाडी घेतलेल्या, हात आखडून खर्च कराव्या लागणाऱ्या माणसासाठी हे लिहितो आहे. पैसे कमी असले तरी चांगले टायर घेता येतात. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, एवढं मात्र माहीत हवं.

पहिलं काम अंगणात

दुकानात जाण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चारही टायर बघा. पाचवी स्टेपनीही बाहेर काढा. तीन गोष्टी तपासायच्या : खाचांची खोली, टायरचं वय आणि जखमा.

खोली मोजायला अवजार लागत नाही. आगपेटीची काडी मधल्या मोठ्या खाचेत तळापर्यंत घाला, रबराच्या कडेला नखाने खूण धरा आणि शाळेच्या पट्टीवर ठेवा. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मोठ्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की ही मर्यादा गाठली असं समजा. एकाच जागी मोजू नका. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचांत काडी घाला.

ही कायद्याची मर्यादा कोकणातल्या पावसाला पुरत नाही. खोली ३ मिलिमीटरच्या खाली उतरली की ओल्या रस्त्यावर टायरची पकड झपाट्याने कमी होते. आता उलटा हिशेब करा. टायर ४०,००० किलोमीटर चालतो असं धरलं, तर साधारण ६,००० किलोमीटरला एक मिलिमीटर झिजतो. जूनच्या सुरुवातीला तुमच्या टायरवर ३ मिलिमीटर असतील आणि गणपती, दसरा धरून चार महिन्यांत गाडी ५,००० किलोमीटर फिरली, तर पाऊस संपताना जेमतेम दोनच्या वर उरतील. म्हणून माझा नियम असा : पावसाळ्याच्या तोंडावर ४ मिलिमीटर असतील तर निर्धास्त राहा, ३ असतील तर पैशांची जुळवाजुळव सुरू करा आणि त्याखाली असतील तर पाऊस लागायच्या आत बदला.

झीज कुठे झाली आहे तेही बघा, कारण पुढचा खर्च तीच सांगते. मधोमध जास्त घासला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलं आहे किंवा सस्पेंशनचं काहीतरी ढिलं झालं आहे. टायरवर हात फिरवताना ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बर तपासून घ्या. हे दुरुस्त न करता नवे टायर घातले तर काही महिन्यांत तेही तसेच खाल्ले जातील. पैसे कमी असताना नेमकं हेच काम पुढे ढकललं जातं आणि मग दुप्पट भुर्दंड बसतो.

जखमांमध्ये सगळ्यात वाईट म्हणजे फुगा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा उंचवटा दिसला तर आतले धागे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही आणि त्यावर घाटात जाणं तर नाहीच. आमच्याकडच्या वाडीतल्या रस्त्यांवर जांभ्याच्या चिऱ्यांची धार आणि डांबराची तुटलेली कड टायरच्या बाजूलाच चिरते. चिरेत धागा दिसत असेल तर तो टायर संपला. बाजूच्या भिंतीत झालेलं पंक्चरही काढून चालवायचं नसतं. भिंतीवर बारीक केसांसारख्या भेगा असतील तर रबर सुकत आलं आहे.

टायरचं वय

टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३२४ असं असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे मृगाच्या सुमारास बनला. कधीकधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आतल्या अंगाला बसलेली असते. मग बॅटरी लावून खाली वाकावं लागतं. वाका, कंटाळा करू नका.

पाच वर्षं झालेला टायर दरवर्षी नीट तपासायचा. दहा वर्षं झालेला टायर खाचा कितीही खोल असल्या तरी काढायचा, स्टेपनी असली तरी. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांतच बदला म्हणतात. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुंबईकरांच्या गावाकडच्या गाड्या वर्षातले आठ-नऊ महिने पडवीत किंवा मांडवाखाली उभ्या असतात. किलोमीटर कमी दिसतात, खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर मात्र लाकडासारखं कडक झालेलं असतं. अशी गाडी विकत घेतलीत तर पहिल्या पावसातच टायर घसरायला लागतात आणि कारण लक्षात येत नाही. कुडाळचे एक म्हातारे मेकॅनिक टायरवर नख दाबून बघत आणि मला म्हणत, "हो घेव नको रे, सुकलेलो आसा."

आकडे वाचायला शिका

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा मूळ साइज आणि हवेचं प्रमाण लिहिलेलं असतं. स्टिकर गेला असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. आधीच्या मालकाने भलताच साइज घातलेला असू शकतो, म्हणून सध्याच्या टायरवरचा आकडा पाहून खरेदीला जाऊ नका.

समजा साइज १६५/८० आर १४ ८५ टी असा आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, इथे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८५ हा भाराचा सांकेतिक आकडा : असा एक टायर ५१५ किलो पेलतो. ८२ असेल तर ४७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालण्याची क्षमता, एच म्हणजे २१०.

वेगाच्या अक्षराचा बाऊ करायची गरज नाही, पण कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खालचं घेऊ नका. भाराच्या आकड्यात तर तडजोड करूच नका. गणपतीत पाच माणसं, डिकीत पिशव्या, टपावर आणखी काही आणि परतताना तांदळाची गोणी, हे ओझं घेऊन गाडी घाट चढते. कमी भाराचा टायर इथे तापतो आणि फुटतो.

दुकानदार एक गोष्ट हमखास म्हणतो : "तो साइज नाही, पण हा बसतो." बसतो खरा. १६५/८० आर १४ च्या जागी १७५/७० आर १४ रिमवर चढतो. पण आकडेमोड केली तर पूर्ण टायरचा व्यास जवळजवळ १९ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे गाडी रस्त्याच्या साडेनऊ मिलिमीटर जवळ येते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. वाडीतल्या खड्ड्यांच्या रस्त्याला आधीच गाडीचं पोट घासत असेल तर हा तोटाच आहे. रुंद टायर दिसायला रुबाबदार असतो, पण त्याला किंमत जास्त, पेट्रोल जास्त आणि साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगायला लागतो. मूळ साइजलाच राहा. कमी पैशांत करता येण्यासारखी ही सगळ्यात सोपी बचत आहे.

आयएसआयची खूण आहे का तेही बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ती सक्तीची आहे आणि तिच्याबरोबर आयएस १५६३३ हा क्रमांक असतो. ती नसेल तर किंमत विचारायचीही गरज नाही.

जास्त चालणारा की जास्त धरणारा

आता मुख्य गोष्ट. एका वेळी टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो साधारण तळहाताएवढा असतो. चार तळहात, एवढ्यावर अख्खी गाडी. रस्त्यावर पाणी असेल तर त्या तळहाताखालचं पाणी खाचांतून बाहेर फेकलं गेलं पाहिजे, तेव्हा रबर डांबराला टेकतं. खाचा उथळ असतील, हवा कमी असेल किंवा वेग जास्त असेल तर पाणी निघत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. महामार्गाच्या सखल भागात पाणी साचतं तिथे हे होतं. घाटात मात्र वेग कमी असतो. तिथे खाचांइतकंच रबर कामाला येतं. शेवाळलेल्या, पानं पडलेल्या, मासळीच्या गाडीतून गळलेल्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या वळणावर मऊ, ताजं रबर धरतं आणि कडक झालेलं रबर सोडतं.

म्हणून एकाच कंपनीचे दोन तऱ्हेचे टायर असतात. एक जास्त किलोमीटर चालणारा, दुसरा पकडीचा. सीएटचा मायलेझ पहिल्या प्रकारातला, सिक्युराड्राइव्ह दुसऱ्या. अपोलोचा अमेझर पहिल्या बाजूचा, अल्नॅक दुसऱ्या. एमआरएफ, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा, सगळ्यांकडे असे वेगवेगळे नमुने आहेत. कंपनीचं नाव सांगून भाव विचारू नका. नमुन्याचं नाव विचारा आणि तो किलोमीटरसाठी आहे की ओल्या रस्त्यासाठी, ते विचारा.

दुकानदार सहसा जास्त किलोमीटरवाला पुढे करतो, कारण गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. पण तुमची गाडी वर्षाला किती चालते? बाजार, डॉक्टर, मुलांची शाळा, अधूनमधून रत्नागिरी किंवा गोवा, असं वर्षाला ५,००० किलोमीटर होत असतील तर ४०,००० किलोमीटरचा टायर संपायला आठ वर्षं लागतील. तोवर त्याचं रबर सुकून गेलेलं असेल. म्हणजे जास्तीच्या ज्या किलोमीटरसाठी तुम्ही पकड सोडली, ते किलोमीटर तुमच्या वाट्याला येणारच नाहीत. कोकणातल्या घरगुती गाडीचा टायर पावसाळ्यांत मोजायचा : हा मला पाच पावसाळे नीट धरेल का? असा विचार केला की पकडीचा टायर आणि ताजी तारीख, या दोनच गोष्टींसाठी पैसे मोजावेसे वाटतात.

मालवण-गोवा पर्यटकांची गाडी चालवणाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याचे वर्षाला ४०,००० किलोमीटर होतात, टायर सुकायच्या आधीच घासतो. त्याने जास्त चालणारा घ्यावा, पण जूनच्या आधी खोली मोजावी.

काही टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेम्परेचर असे तीन शब्द आणि त्यांच्यापुढे आकडा-अक्षरं असतात. ट्रॅक्शनपुढचं अक्षर म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड : एए सर्वांत चांगली, मग ए, बी आणि सी. ए किंवा त्याहून वरचं शोधा. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ३४० आणि दुसरीचा ४०० यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

चार चांगले परवडत नाहीत, मग?

एक टायर ४,००० रुपयांना मिळाला आणि ४०,००० किलोमीटर चालला असं समजा. किलोमीटरला दहा पैसे, चार टायरचे चाळीस पैसे. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं आणि गाडी लिटरला अठरा देत असेल, तर पेट्रोलचेच साडेपाच रुपये होतात. टायरचा खर्च एकरकमी येतो म्हणून डोळ्यात भरतो, एवढंच. वीस हजार किलोमीटरही न टिकणारा हलका टायर ३,००० ला घेतला तर तो महागच पडतो.

माझं मत स्पष्ट आहे : चार हलके टायर घेण्यापेक्षा दोन चांगले घ्या आणि उरलेले दोन पुढच्या वर्षी. मात्र उरणाऱ्या दोघांत किमान ४ मिलिमीटर असायला हवेत आणि ते फार जुने नकोत. चारही गोटा झाले असतील तर हा मार्ग नाही. तेव्हा चार साधे पण नवे, आयएसआयचे, मूळ साइजचे टायर घ्या आणि गाडी सावकाश चालवा.

एका आसावरचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि सारखे झिजलेले असावेत. डावा एक, उजवा दुसरा असं असलं की पावसात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

आणि दोन नवे घेतलेत तर ते मागे बसवा. गॅरेजमध्ये यावर वाद होतो. "इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे पुढेच नकोत का?" तुम्ही मागेच बसवायला सांगा. टायरच्या कंपन्याही हेच सांगतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. पाय उचलला, वेग कमी झाला की बहुतेक वेळा ती परत हाताशी येते, आंबोलीत माझी आली तशी. मागची चाकं घसरली तर शेपूट फिरते आणि गाडी गरकन उलट तोंडाला येते. एका बाजूला दरी आणि समोरून एसटी येत असताना ती सावरायला फार सराव लागतो, आणि नवशिक्याकडे तो नसतो.

स्टेपनीकडे लक्ष द्या. ती न वापरलेली, त्याच साइजची आणि चार वर्षांच्या आतली असेल तर तीच वापरात घ्या आणि तिच्या जोडीला त्याच नमुन्याचा एकच नवा टायर विकत घ्या. एका टायरचे पैसे वाचतात. जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवा.

वापरलेल्या टायरची वाट

वापरलेला टायर घेऊ नका असंच मी सांगेन, पण एक अपवाद आहे. काही लोक नवीन गाडी घेतात आणि लगेच मोठी अलॉय चाकं बसवतात. शोरूममधून आलेले त्यांचे मूळ टायर शे-दोनशे किलोमीटर चाललेले, कधी कोरेच विकले जातात. कोल्हापूर, पणजी-म्हापसा भागात आणि मुंबई-पुण्यात असे सेट मिळतात. साइज जुळत असेल, तारीख वर्षाच्या आतली असेल आणि आतल्या बाजूला ठिगळ नसेल तर हा सौदा चांगला असतो. वॉरंटी मात्र मिळत नाही.

बाकी वापरलेल्या टायरमध्ये कोरलेल्या खाचा ओळखायच्या. खाचेच्या तळाशी ते आडवे उंचवटे आहेत का बघा. कोरलेल्या टायरमध्ये ते कापले गेलेले असतात. खाचेचा तळ आणि कडा सुरीने कापल्यासारख्या, कमीजास्त रुंदीच्या दिसतात. मूळ नक्षीत मोठ्या खाचांच्या मधल्या रबरावर बारीक चिरा असतात. त्या पूर्ण गेलेल्या आणि मोठ्या खाचा मात्र खोल, असं दिसलं तर टायर जागेवरच ठेवून निघून या. मला त्या वेळी एवढं माहीत असतं तर आंबोलीचं ते वळण आलं नसतं. टायर काळ्या पॉलिशने चमकवलेला असेल तर ओल्या फडक्याने पुसून भेगा बघा.

खरेदी

आधी फोन करा, तीन दुकानांना. बोलणं असं असू द्या : "दादा, १६५/८० आर १४ मध्ये ओल्या रस्त्याला चांगला नमुना कुठला आहे? तारीख कुठली? जुना टायर देऊन, बसवून, बॅलन्सिंग, नवा वॉल्व्ह आणि बिल धरून दोघांचे किती?" बॅलन्सिंग म्हणजे चाक न थरथरता फिरावं म्हणून रिमला छोटी वजनं लावणं, वॉल्व्ह म्हणजे हवा भरायची नळी. तारीख फोनवरच विचारली की समोरचा ओळखतो, गिऱ्हाईक बघून घेणारं आहे. सहा महिन्यांच्या आतला उत्तम. वर्षाचा असेल तर भाव उतरवून घ्या. दोन वर्षांचा नको, कितीही सूट असली तरी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुनी किंमत छापलेला माल असेल तर हे लक्षात ठेवून बोला. छापील किमतीला टायर कुणी घेत नाही, घासाघीस चालते. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. वॉरंटी बिलावरच मिळते आणि ती बहुतेक बनावटीतल्या दोषाला असते, खड्ड्यात पडून आलेल्या फुग्याला सहसा नसते.

कोल्हापूरला स्वस्त मिळतात म्हणून निघण्याआधी हिशेब करा. कुडाळहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर होतात. पेट्रोलचेच चौदाशे रुपये गेले. दुसऱ्या कामाला जाणार असाल तर ठीक. नाहीतर जवळचा दुकानदार बरा. उद्या बॅलन्सिंग बिघडलं किंवा हवा गळली तर त्याच्याच दारात जायचं असतं.

घाई नसेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये जा. दुकानदाराला वेळ असतो, आणि नवे टायर कोरड्या रस्त्यावर थोडे चालून पावसाला तयार होतात.

बसवताना समोर उभे राहा

टायर रिमवर चढवण्याआधी तारीख स्वतः वाचा. बाहेरची बाजू कुठली किंवा फिरण्याची दिशा कुठली हे काही टायरवर लिहिलेलं असतं, ते जुळतं का पाहा.

आपल्याकडे एक काम जादा लागतं. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी रिमची कड गंजते आणि तिथून ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू गळते. लोक पंक्चर शोधत राहतात. टायर उतरलेला असतानाच रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्या. गंज खोल गेला असेल तर कडेला सीलंट लावायला सांगा. वॉल्व्ह नवाच टाका, फार थोड्या पैशांचं काम आहे. समुद्राच्या वाळूत गाडी घालायची हौस असेल तर ती सोडा. खारं पाणी रिमच्या आणि ब्रेकच्या सांदीत बसतं आणि पुढची दोन वर्षं खात राहतं.

बॅलन्सिंग प्रत्येक नव्या टायरला हवंच. अलाइनमेंट एकच कड घासली असेल तर नक्की करा. हवेऐवजी नायट्रोजन भरायला वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा स्टिकरवर लिहिलेलीच भरा. गणपतीत गाडी भरून जायची असेल तर पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वापरा. नट समोरासमोरचे असे आवळायला सांगा आणि शेवटचे आवळे हाताच्या पान्याने. यंत्राने ठासून बसवलेला नट पावसात, घाटात, तुमच्या छोट्या पान्याने निघत नाही.

नंतर

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले दोनशे किलोमीटर वळणावर घाई करू नका. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. हवा पंधरा दिवसांनी बघा, सकाळी, गाडी थंड असताना. आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर, किंवा तुमची गाडी कमी चालत असेल तर दर दुसऱ्या वर्षी, मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे करून घ्या, मात्र चारही जवळपास सारखे झिजलेले असतील तरच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन ठेवा. आठवड्यातून एकदा त्याने ती गेटपर्यंत नेऊन आणली तरी टायर एकाच जागी दबून राहत नाही. बाजूच्या भिंतीवर ऊन पडत असेल तर गोणपाट टाका.

जुने टायर दुकानदाराकडेच द्या, थोडे का होईना पैसे कमी होतात. झाडाला आळं करायला किंवा पोरांना झोपाळा करायला घरी आणले असतील तर त्यांना खालच्या बाजूने चार-पाच भोकं पाडा. पावसाचं पाणी साचलेल्या टायरमध्ये डेंग्यूचे डास होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाडीत ताप यायला लागला की आरोग्यसेविका पहिल्यांदा परसात पडलेले टायरच बघते.